जुन्या मोटारींचा ऑनलाइन लिलाव: संशयास्पद बोली कशी ओळखावी

नव्या मोटारीची किंमत दरपत्रक पाहून कळते. जुन्या मोटारीची तशी कळत नाही. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन मोटारी पन्नास वर्षांनंतर सारख्या उरत नाहीत. एकीचे इंजिन मूळचे असते, दुसरीचे कधीतरी बदललेले असते. एकीचा गंज उघड दिसतो, दुसरीचा ताज्या रंगाखाली दडलेला असतो. त्यामुळे लिलावात उतरलेला खरेदीदार नकळत इतरांच्या बोलींवरून किंमत ठरवू लागतो. एवढे लोक एवढी रक्कम द्यायला तयार आहेत, त्या अर्थी मोटार तेवढ्याची असणारच, असे त्याला वाटते. बनावट बोली लावणाऱ्याचे सारे भांडवल खरेदीदाराच्या या समजुतीत असते.

विक्रेत्याने स्वतः दुसऱ्या आयडीवरून, किंवा मित्र, नातेवाईक, भागीदार यांच्यामार्फत आपल्याच मोटारीवर लावलेली बोली म्हणजे बनावट बोली; लिलावांच्या जगात तिला ‘शिल बिडिंग’ म्हणतात. अशा बोलीचा हेतू मोटार घेण्याचा नसतो, खऱ्या खरेदीदाराला वर ढकलण्याचा असतो. क्वचित या खेळात विक्रेत्याचा हातही नसतो: एखाद्या डीलरकडे त्याच मॉडेलच्या चार गाड्या पडून असतील, तर त्या मॉडेलचा भाव पडू नये म्हणून तो दुसऱ्याच्या लिलावात बोली चढवून ठेवू शकतो. उलट बाजूची लबाडीही असते. खरेदीदाराचे दोन आयडी असतात, एक लहान बोली लावतो, दुसरा अवाच्या सवा बोली लावून इतरांना पळवून लावतो आणि शेवटी मोठी बोली मागे घेतली की लहान बोलीवर मोटार पदरात पडते. यात विक्रेता नाडला जातो, त्यामुळे इथे तिचा विस्तार करत नाही.

‘व्हिंटेज’ हा शब्द काटेकोरपणे १९१९ ते १९३० या काळातल्या मोटारींसाठी वापरला जातो. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ ३० वर्षे पूर्ण झालेल्या वाहनाला ऐतिहासिक मानते. लिलावाच्या संकेतस्थळांवर मात्र विक्रेते ‘व्हिंटेज’ हा शब्द सढळ हाताने वापरतात. पुढे सांगितलेली रीत या सर्वच मोटारींना लागू पडते.

आधी लिलावाचा प्रकार पाहावा

कोणती बोली संशयास्पद आणि कोणती नियमातली, हे लिलाव कोणत्या पद्धतीचा आहे यावर अवलंबून असते. म्हणून बोली लावण्यापूर्वी नियमांचे पान शेवटपर्यंत वाचावे. ते कंटाळवाणे असते हे खरे, पण बहुतेक गैरसमज ते न वाचल्यामुळेच होतात.

पहिला प्रकार ठरलेल्या क्षणी संपणाऱ्या लिलावाचा. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबे या संकेतस्थळाचे लिलाव या पद्धतीचे असतात. इथे आपण आपली कमाल रक्कम नोंदवतो आणि यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. आपली कमाल रक्कम इतरांना दिसत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून एक टप्पा (म्हणजे बोली वाढवण्याची ठरलेली किमान रक्कम) वर, एवढीच किंमत पडद्यावर दिसते. त्यामुळे कोणी बोली लावताच त्याच सेकंदाला तिच्यावर दुसरी बोली पडलेली दिसली, तर ते कारस्थान समजू नये. आधीच कमाल रक्कम नोंदवून ठेवलेल्या माणसाच्या वतीने यंत्रणेने दिलेले ते उत्तर असते. नवख्या खरेदीदारांच्या तक्रारींचा मोठा भाग याच गैरसमजातून येतो.

दुसऱ्या प्रकारात शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढते. ब्रिंग अ ट्रेलर या मोटारींच्या संकेतस्थळावर शेवटच्या दोन मिनिटांत बोली पडली, की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर येते आणि कोणीच वर जात नाही तोपर्यंत लिलाव चालू राहतो. तिथे बोली लावणाऱ्याचे नाव झाकलेले नसते, बोली लावण्यापूर्वी क्रेडिट कार्ड नोंदवावे लागते, आणि जिंकणाऱ्याचे शुल्क त्याच कार्डावर पडते. बनावट बोली चुकून जिंकली तर खिशाला चाट बसते, ही गोष्ट लबाडीला काहीसा आळा घालते. पण विक्रेत्याचा मित्र तो धोका पत्करणारच नाही, असे मात्र नाही.

तिसरा प्रकार सभागृहातल्या प्रत्यक्ष लिलावाचा, ज्यात आपण दूरून इंटरनेटवर भाग घेतो. इथे एक गोष्ट अनेकांना धक्का देणारी वाटते. मोटारीला राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली विक्रेता मोटार विकणार नाही अशी रक्कम, असेल, तर त्या किमतीच्या खालपर्यंत लिलावकर्त्याने विक्रेत्याच्या वतीने स्वतः बोली पुकारणे अनेक ठिकाणी नियमात बसते, मात्र अटींमध्ये तसे लिहिलेले असावे लागते. सभागृहात कोणीच हात वर केलेला नसताना छताच्या झुंबराकडे पाहून रक्कम पुकारली जाते, म्हणून इंग्रजीत तिला ‘शँडेलिअर बिड’ असे थट्टेचे नावच पडले आहे. दूरून पडद्यावर पाहणाऱ्याला सभागृहातली बोली खरी की झुंबराची, हे कळण्याचा मार्ग नसतो. अशा लिलावात राखीव किंमत गाठली गेल्याचे लिलावकर्त्याने जाहीर करेपर्यंत चढत्या आकड्यांना खऱ्या मागणीचा पुरावा मानू नये.

बोलींची यादी कशी वाचावी

संशयाचे उत्तर बहुधा बोलींच्या यादीतच असते, पण ती वरपासून खाली नजर फिरवून वाचली तर काहीच हाती लागत नाही. कागद घ्यावा आणि प्रत्येक आयडीसमोर चार गोष्टी मांडाव्यात: त्याने केव्हा बोली लावली, आधीच्या बोलीनंतर किती वेळाने लावली, किती टप्प्याने वाढवली आणि केव्हा थांबला.

बनावट बोली लावणाऱ्याची अडचण समजून घेतली, की त्याच्या वागण्याची चाल आपोआप ध्यानात येते. त्याला किंमत वाढवायची असते, पण जिंकायचे नसते. म्हणून तो लिलावाच्या पूर्वार्धात उत्साही असतो आणि शेवटच्या तासात गप्प होतो, कारण शेवटी लावलेली बोली अंगावर पडण्याची भीती असते. खऱ्या खरेदीदाराची बोली आली की तो लगेच वर जातो, कारण पुढच्या खऱ्या बोलीला वेळ मिळायला हवा. तो लहान टप्प्यांनी चढतो, कारण मोठी उडी मारली तर समोरच्याची कमाल रक्कम ओलांडून स्वतःच पुढे अडकेल. आणि एवढा आटापिटा करूनही तो जवळजवळ कधीच जिंकत नाही. खरा हौशी खरेदीदार नेमका उलटा वागतो: आठवडाभर शांत बसतो, विक्रेत्याला पत्रे लिहून चासीखालचे फोटो मागवतो आणि अखेरच्या मिनिटांत उतरतो.

एक उदाहरण जवळून पाहू. आकडे समजण्यासाठी सोपे घेतले आहेत, ते कोणत्याही चलनातले मानावेत. एका एमजी बी रोडस्टरचा, म्हणजे एका उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारीचा, दहा दिवसांचा, यंत्रणेने बोली वाढवणारा लिलाव आहे. बोलीचा टप्पा २०० आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत ‘ब’ या खरेदीदाराची कमाल ६,००० होती आणि ‘अ’ ने आपली कमाल ९,००० नोंदवली, त्यामुळे पडद्यावर किंमत ६,२०० दिसते. तिसऱ्या दिवशी रात्री ‘क’ उगवतो. तो ६,५०० लावतो. यंत्रणा ‘अ’ च्या वतीने ६,७०० करते. मिनिटभरात ‘क’ ७,००० लावतो, उत्तर ७,२०० येते. मग ७,५००, उत्तर ७,७००. मग ८,०००, उत्तर ८,२००. मग ८,५००, उत्तर ८,७००. इथे ‘क’ थांबतो, आणि पुढचे सात दिवस त्याचे नाव पुन्हा दिसत नाही. शेवटी ‘अ’ ला मोटार ८,७०० ला मिळते. ‘क’ आलाच नसता तर तीच मोटार ६,२०० ला मिळाली असती. पाच मिनिटांच्या त्या रात्रीने ‘अ’ चे २,५०० गेले, आणि मजा अशी की कमाल रकमेच्या आतच मोटार मिळाली म्हणून ‘अ’ खुशीत असण्याचीही शक्यता आहे.

आता, एवढ्यावरून ‘क’ लबाड ठरतो का? नाही. त्याच्याकडे ८,५०० च होते आणि तो अधीर स्वभावाचा होता, एवढेच यातून निघू शकते. एका लिलावातून संशय निर्माण होतो. त्याला बळ येते ते दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या लिलावातून. म्हणून यानंतरचे पाऊल असे, की त्याच विक्रेत्याचे आधी संपलेले लिलाव उघडून तिथे ‘क’ भेटतो का ते पाहावे.

ईबेवर आयडी झाकलेले असतात, त्यातली दोनच अक्षरे आणि मधे तारे दिसतात, पण शेजारी फीडबॅकचा, म्हणजे आधीच्या व्यवहारांत मिळालेल्या अभिप्रायांचा आकडा असतो आणि बोलीदाराच्या तपशिलात गेल्या ३० दिवसांत त्याने किती वस्तूंवर किती बोली लावल्या, त्यांतल्या किती टक्के याच विक्रेत्याच्या वस्तूंवर होत्या आणि किती बोली मागे घेतल्या, हेही दाखवलेले असते. टक्केवारीचा आकडा १०० दिसला की अनेक जण लगेच निष्कर्षावर उडी मारतात. ते घाईचे आहे. ज्याने आयुष्यात एकाच मोटारीवर बोली लावली त्याचीही टक्केवारी १०० च भरणार. म्हणून टक्केवारीबरोबर वस्तूंची संख्या पाहावी. एकाच विक्रेत्याच्या नऊ वस्तूंवर बोली लावणारा आणि त्या नऊ वस्तूंमध्ये एक मोटार, एक मोटरसायकल, दिव्यांची जोडी आणि एक भिंतीवरचे घड्याळ असेल, तर हा माणूस मोटारीचा शौकीन नसून विक्रेत्याचा शौकीन आहे.

लिलाव ओलांडून पाहिल्यावर काय हाती लागते याचा नामांकित दाखला मोटारीचा नाही, चित्राचा आहे. मे २००० मध्ये ईबेवर एक चित्र रिचर्ड डीबेनकॉर्न या अमेरिकी चित्रकाराचे असावे असा आभास निर्माण करून १,३५,८०५ डॉलरच्या बोलीपर्यंत नेण्यात आले. संकेतस्थळाने विक्री रद्द केली, आणि तपासात असे निघाले की तीन विक्रेते ४० हून अधिक आयडी वापरून शेकडो लिलावांत एकमेकांच्या वस्तूंवर बोली चढवत होते. एकेका लिलावात पाहिले असते तर त्यातला प्रत्येक आयडी साधा हौशी खरेदीदारच दिसला असता.

बोली मागे घेण्याचा डाव

वरच्या उदाहरणातला ‘क’ ८,५०० वर थांबला, कारण ‘अ’ ची मर्यादा कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हते. ती शोधून काढण्याची एक युक्ती आहे आणि ती ओळखता आली पाहिजे, कारण इथे संशय बराच पक्का होतो.

समजा ‘क’ ८,५०० वर न थांबता ९,२०० लावतो. ‘अ’ ची कमाल ९,००० ओलांडली जाते आणि ‘क’ पुढे येतो. त्या क्षणी ‘अ’ ची मर्यादा उघडी पडली. ‘क’ लगेच ‘चुकून जास्त आकडा टाइप झाला’ असे कारण देऊन बोली मागे घेतो. ईबेच्या नियमानुसार लिलावाला १२ तासांहून अधिक वेळ उरलेला असताना बोली मागे घेतली, तर त्या माणसाच्या त्या वस्तूवरच्या सर्वच बोली निघून जातात. शेवटच्या १२ तासांत मात्र लावल्यापासून तासाभराच्या आतली बोलीच मागे घेता येते. आपल्या उदाहरणात किंमत पुन्हा ६,२०० वर घसरते आणि ‘अ’ सुटकेचा निःश्वास टाकतो. दोन दिवसांनी ‘द’ नावाचा नवा आयडी येतो आणि एकाच फटक्यात नेमके ८,८०० लावतो. उत्तर येते ९,०००. ‘द’ पुन्हा कधीच बोली लावत नाही.

अनोळखी माणसाने अंधारात लावलेली बोली मर्यादेच्या एक टप्पा खाली येऊन अचूक थांबावी, हा योगायोग फार क्वचित घडतो. म्हणून यादीच्या तळाशी मागे घेतलेल्या बोलींची वेगळी नोंद असते ती आवर्जून पाहावी, आणि आपली कमाल कोणीतरी ओलांडून बोली मागे घेतली आहे असे दिसले, तर ती मर्यादा फुटली असे समजावे. अशा वेळी ईबेसारख्या ठिकाणी नोंदवलेली कमाल सहजासहजी कमी करता येत नसल्याने, आधी मोठी रक्कम नोंदवून निवांत राहण्याची सवयच या डावापुढे उघडी पडते.

मोटारीचा माग

बोलीदार झाकलेले असले तरी मोटार झाकलेली नसते. बनावट बोली चुकून जिंकली, की विक्रेता ‘खरेदीदाराने पैसे दिले नाहीत’ असे सांगून तीच मोटार पुन्हा लिलावाला आणतो. एकदा असे होऊ शकते. पैसे न देणारे खरेदीदार या बाजारात कमी नाहीत. तीच मोटार तीन महिन्यांत तिसऱ्यांदा आली, तर मात्र आधीचे दोन्ही लिलाव काढून बोलीदार जुळवून पाहावेत.

माग काढण्यासाठी चासी नंबर सर्वांत उपयोगी. अमेरिकेत १९८१ पासून मोटारींना १७ अक्षरांचा एकसारख्या पद्धतीचा क्रमांक सक्तीचा झाला. त्याआधीच्या मोटारींवर प्रत्येक कारखान्याची आपापली, बहुधा आखूड पद्धत असे. हा क्रमांक जसाच्या तसा सर्च इंजिनात टाकला की जुन्या जाहिराती, क्लबांच्या नोंदवह्या आणि आधीचे लिलाव पुष्कळदा सापडतात. विक्रेता जाहिरातीत क्रमांक देत नसेल तर तो मागावा. क्रमांक देण्यास टाळाटाळ करणाऱ्याची बोलींची यादी तपासण्याचे कष्टही घेऊ नयेत, इतका हा नकार बोलका असतो.

क्रमांक नसला तरी फोटो बोलतात. एकदा एका छोट्या संकेतस्थळावर मी एका जुन्या कूपेचा लिलाव पाहत होतो आणि मोटार कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. नंबर प्लेट दोन्हीकडे झाकलेली होती, मागची भिंत वेगळी होती. पण डॅशबोर्डवर घड्याळाच्या डाव्या कोपऱ्यातून निघून हातमोज्यांच्या कप्प्यापर्यंत गेलेली एक भेग होती, आणि डिकीतल्या स्पेअर व्हीलवर पांढऱ्या रंगाचा ओघळ होता. दोन महिन्यांपूर्वीच्या एका संपलेल्या लिलावात तीच भेग आणि तोच ओघळ सापडला. त्या लिलावात जो आयडी मोटार ‘जिंकला’ होता, तो या लिलावात दुसऱ्या दिवशी पुन्हा बोली लावत होता. पैसे न देता मोटार सोडून दिलेल्या माणसाला तीच मोटार पुन्हा घ्यावीशी वाटते आणि ज्याचे पैसे बुडाले त्या विक्रेत्याची त्याला हरकत नसते, हे मला काही पटले नाही. मी पान बंद केले.

संशयाला निर्दोष खुलासा असू शकतो

जुन्या मोटारींच्या बाजाराची काही वैशिष्ट्ये अशी आहेत की तिथे प्रामाणिक माणूसही लबाडासारखा दिसतो. शून्य फीडबॅकचा नवा आयडी हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. घरात बारा वर्षे हवीहवीशी वाटणारी एक मोटार अखेर लिलावात दिसली, म्हणून केवळ तिच्यासाठी अकाउंट उघडणारे लोक खरोखर असतात. तसेच, एखादा विक्रेता एकाच मॉडेलचा विशेषज्ञ असेल, तर त्या मॉडेलचे शौकीन त्याच्या प्रत्येक लिलावात दिसणारच. लहान लहान टप्प्यांनी कुरतडत चढणारे खरेदीदारही पुष्कळ असतात. त्यांना कमाल रक्कम नोंदवण्याची पद्धत माहीत नसते किंवा तिच्यावर विश्वास नसतो. आणि मोटारीच्या वर्णनात मध्येच मोठा बदल झाला, उदाहरणार्थ इंजिन मूळचे नाही अशी भर पडली, तर बोली मागे घेणे हे शहाणपणाचेच लक्षण आहे.

म्हणून माझा नियम असा आहे, की एकाच प्रकारची खूण कितीही ठळक असली तरी तिच्यावरून कोणाला दोष देऊ नये. वेळ, टप्पा, थांबण्याची जागा आणि इतर लिलावांतली हजेरी यांपैकी तीन गोष्टी एकाच आयडीकडे बोट दाखवत असतील, तर पुरावा नसला तरी तो लिलाव सोडून द्यावा. सोडून देण्यासाठी पुरावा लागत नाही. जाहीरपणे आरोप करण्यासाठी लागतो.

आपली रक्कम आधी ठरवावी

बनावट बोलीमुळे होणारे नुकसान एका मर्यादेत राहते: खरी दुसरी बोली आणि आपली कमाल रक्कम यांच्यातल्या अंतराहून जास्त ती आपल्याकडून काढू शकत नाही. वरच्या उदाहरणात ‘क’ ने कितीही कसरत केली तरी ‘अ’ चे ९,००० च्या वर काहीही गेले नसते. धोका खरा वाढतो तो लिलाव चालू असताना आपण स्वतःच कमाल वाढवतो तेव्हा. म्हणून रक्कम लिलाव सुरू होण्यापूर्वी, बोलींकडे न पाहता ठरवावी आणि ती संपलेल्या विक्रींच्या आधारे ठरवावी. जाहिरातीत मागितलेली किंमत हा आधार नव्हे, कारण मागायला कोणीही काहीही मागतो. त्याच मॉडेलच्या, तशाच अवस्थेतल्या, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या पाच-सहा मोटारींचे आकडे पाहावेत. त्यातही ज्या मोटारी काही दिवसांत पुन्हा विक्रीला आल्या त्यांचे आकडे वगळावेत, नाहीतर एका बनावट लिलावाने फुगलेला आकडा आपल्या हिशेबात शिरतो.

त्या रकमेतून खरेदीदाराचे शुल्क, वाहतूक, नोंदणी आणि लगेच कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीचा अंदाज वजा करावा. शुल्क ५ टक्के असेल आणि एकूण १०,००० च्या वर जायचे नसेल, तर आपली बोली साधारण ९,५०० ला थांबली पाहिजे. लिलावाच्या भरात हा साधा हिशेब विसरला जातो. हा आकडा कागदावर लिहून पडद्याशेजारी ठेवावा. हा सल्ला बालिश वाटेल, पण रात्री अकरा वाजता घड्याळ मागे मागे जात असताना कागदावरचा आकडा डोक्यातल्या आकड्यापेक्षा जास्त ठाम राहतो.

रक्कम ठरली की ती केव्हा नोंदवायची, हे लिलावाच्या प्रकारावरून ठरवावे. ठरलेल्या क्षणी संपणाऱ्या लिलावात शेवटच्या काही सेकंदांत एकदाच आपली पूर्ण कमाल नोंदवणे उत्तम, कारण मर्यादा शोधणाऱ्याला वेळच उरत नाही. याला ‘स्नायपिंग’ म्हणतात आणि ते नियमबाह्य नाही. वेळ वाढत जाणाऱ्या लिलावात या युक्तीचा उपयोग नाही. तिथे आपल्या आकड्यापर्यंत शांतपणे जावे आणि आकडा आला की पान बंद करावे. कमाल रक्कम गोल आकड्यात ठेवू नये. बहुतेक जण ९,००० किंवा १०,००० वर थांबतात हे बनावट बोली लावणाऱ्यालाही ठाऊक असते. आणि लिलावाच्या पानावर जाहीरपणे ‘ही माझ्या स्वप्नातली मोटार आहे’ असे लिहू नये. विक्रेत्याला आपली ओढ कळली की ती मोजण्याचा मोह त्याला होतो.

संशय पक्का झाल्यावर

लिलाव चालू असेल तर विक्रेत्याला जाब विचारत बसू नये. तो नाकारणारच, आणि सावधही होईल. बोलींची यादी, मागे घेतलेल्या बोली, बोलीदारांचे तपशील आणि विक्रेत्याचे आधीचे लिलाव यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह काढून ठेवावेत. संपलेल्या लिलावांची पाने कायम राहत नाहीत, म्हणून हे काम उद्यावर टाकू नये. मग संकेतस्थळाकडे तक्रार करावी. ‘इथे काहीतरी गडबड आहे’ अशी तक्रार बाजूला पडते. अमुक आयडीने अमुक सहा लिलावांत याच विक्रेत्याच्या वस्तूंवर बोली लावली, एकही वस्तू घेतली नाही आणि चार वेळा बोली मागे घेतली, अशी मांडणी असेल तर तपासणाऱ्याला लगेच पडताळता येते. बोलीदारांचे इंटरनेटचे पत्ते, कार्डे आणि फोन क्रमांक आपल्याला दिसत नाहीत, संकेतस्थळाला दिसतात.

कायदा या बाबतीत अनेक देशांत खरेदीदाराच्या बाजूने आहे, आणि तो इंटरनेटहून बराच जुना आहे. बोली लावण्याचा हक्क राखून ठेवल्याचे जाहीर न करता विक्रेत्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावली, तर खरेदीदार ती विक्री कपटाची मानू शकतो, असे भारताच्या १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम ६४ आणि ब्रिटनच्या १९७९ च्या कायद्याचे कलम ५७ सांगते. भारतीय कलमात किंमत वाढवण्यासाठी खोटी बोली लावली गेल्यास विक्री रद्द करण्याचा पर्यायही खरेदीदाराला दिला आहे. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये एका विक्रेत्याला दुसऱ्या आयडीवरून स्वतःच्याच वस्तूंवर बोली लावल्याबद्दल शिक्षा झाली. त्या वस्तूंमध्ये एक मिनीबसही होती. अमेरिकेतील एकसमान व्यापारी संहितेचे कलम २-३२८ आणखी एक उपयुक्त वाट दाखवते: खरेदीदाराने विक्री रद्द करावी, किंवा शेवटच्या प्रामाणिक बोलीच्या किमतीला मोटार घ्यावी.

ही दुसरी वाट न्यायालयात न जाताही वापरता येते. आपण लिलाव हरलो आणि दोन दिवसांनी विक्रेत्याचा निरोप आला, की जिंकणाऱ्याने माघार घेतली आहे, तुमच्या शेवटच्या बोलीला मोटार तुमची, तर आधी तो निरोप खरोखर संकेतस्थळामार्फत आला आहे का हे आपल्या अकाउंटमध्ये जाऊन पाहावे. ईमेलमधल्या दुव्यावर टिचकी मारू नये, आणि विक्रेत्याने सुचवलेल्या अनोळखी एस्क्रो सेवेकडे (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थाकडे) पैसे पाठवू नयेत. हरलेल्या बोलीदारांना गाठून असे खोटे निरोप पाठवणाऱ्या टोळ्या वेगळ्याच असतात, आणि त्यांच्याकडे बहुधा मोटारच नसते. निरोप खरा निघाला, तर बोलींची यादी पुन्हा समोर घ्यावी, माघार घेणाऱ्या आयडीच्या सर्व बोली पेन्सिलने खोडाव्यात आणि तो आलाच नसता तर मोटार आपल्याला कितीला पडली असती ते काढावे. वरच्या लिलावात ‘क’ जिंकून पळाला असता, तर तो आकडा ६,२०० आला असता. विक्रेत्याला ९,००० नाही, ६,२०० च कळवावेत, हिशेबासह, आणि मोटार प्रत्यक्ष तपासल्यावरच पैसे देण्याची अट घालावी. उत्तर आले नाही तर ‘क’ कोण होता हे बरेचसे कळते. आणि उत्तर आले, तर टॉर्च घेऊन मोटारीखाली झोपायची तयारी करावी.